वीज जाऊन आली की डिलिव्हरी कोड जुनाच का येतो: सुरक्षित यादृच्छिक संख्या कोठून घ्यावी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यासाठी मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण एकूण तीन वेळा उद्भवली. पहिल्या दोन्ही वेळी मी ती दुरुस्त केली असे मला वाटले होते. तिसऱ्या वेळी मूळ कारण हाती लागले. तोच प्रकार इतरांच्या प्रोग्राममध्येही दिसत असल्यामुळे तपासाचा सगळा क्रम येथे लिहून ठेवत आहे.

व्यवस्था साधी आहे. टॉवेलच्या गाठी भरलेला टेम्पो गेटबाहेर पडताना गेटवरील लहान लिनक्स बोर्ड एक सहा अंकी कोड तयार करतो आणि तो माल घेणाऱ्या दुकानदाराला एसएमएसने जातो. माल उतरवून घेतल्यावर दुकानदार तो कोड ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर तो मोबाइलवर टाकतो आणि मगच माल पोचल्याची नोंद होते. कोणाला कोडचा अंदाज बांधता आला, तर माल न पोचताही तो पोचल्याची नोंद करता येते. म्हणून हा कोड केवळ अनुक्रमांक नसून एक प्रकारची किल्ली आहे. जॉबवर्कला जाणाऱ्या मालाचे कोड मात्र ऑफिसमधील विंडोज संगणकावर तयार होतात, आणि दोन्हीकडे सी भाषेतील एकच प्रोग्राम वापरला होता.

तक्रार आणली ती एका ड्रायव्हरने. "सर, लाईट जाऊन आली की सकाळचाच कोड परत चालतोय, बघा की," असे त्याने सांगितले. त्याने तो सहज म्हणून टाकून पाहिला होता आणि नोंद झाली होती. हे त्याने आपणहून सांगितले, हे माझे नशीब.

लक्षणे दोन, कारण एकच

दोन्ही संगणकांवरील महिनाभराचे कोड शेजारी शेजारी मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. ऑफिसमधील विंडोज संगणकाचा प्रत्येक कोड शून्याने सुरू होत होता आणि त्यांतील एकही ०३२७६७ च्या पुढे गेला नव्हता. सी भाषेतील 'रँड' हे यादृच्छिक संख्या देणारे फंक्शन किती मोठी संख्या देईल हे कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनावर, अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ही मर्यादा ३२,७६७ आहे, तर लिनक्सवरील जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीमध्ये ती दोन अब्जांहून अधिक आहे. मी त्या संख्येला दहा लाखांनी भागून बाकी घेत होतो. त्यामुळे लिनक्सवर दहा लाख कोड शक्य होते आणि विंडोजवर जेमतेम बत्तीस हजार.

विंडोजवर याहूनही वाईट प्रकार चालला होता. बिलाचे सॉफ्टवेअर प्रत्येक कोडसाठी माझा प्रोग्राम नव्याने चालू करीत असे, आणि प्रोग्राम सुरू होताच घड्याळातील सेकंद हे सीड, म्हणजे 'रँड'ची मालिका जिच्यापासून सुरू होते ती संख्या, म्हणून देत असे. त्या कंपायलरच्या 'रँड'चे सूत्र इतके सरळ आहे की सीड एकाने वाढले की पहिली संख्या तीन किंवा चारने वाढते. एका मिनिटाच्या अंतराने काढलेल्या दोन कोडमध्ये १९६ च्या आसपास फरक पडतो, आणि सुमारे पावणेतीन तासांनी फेरी पूर्ण होऊन आकडे पुन्हा पहिल्या जागी येतात. ज्याला आपल्या मालाचा कोड आणि वेळ माहीत आहे, त्याला दुसऱ्याचा कोड काढायला कागद आणि पेन पुरेसे आहेत.

गेटवरील बोर्डाचे दुखणे वेगळे वाटत होते, पण मूळ तेच निघाले. अशा बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेल्यावर वेळ विसरली जाते, आणि परत चालू होताना बोर्ड फाइलमध्ये शेवटची साठवलेली वेळ उचलतो. ही साठवण दर तासाला एकदा होते. खरी वेळ नेटवरून यायला हवी, पण वीज आल्यावर राउटरही तेव्हाच उठत असतो आणि त्याला दोनेक मिनिटे लागतात. तोवर माझा प्रोग्राम सुरू होऊन त्या जुन्या वेळेचेच सीड घेऊन मोकळा झालेला असे. उन्हाळ्याच्या दुपारी तासाभरात तीनदा वीज गेली, तर तिन्ही वेळा बोर्ड त्याच साठवलेल्या वेळेपासून निघतो, प्रोग्राम जवळजवळ त्याच सेकंदाला सुरू होतो आणि कोडची तीच मालिका पुन्हा बाहेर पडते. ऑफिसला इन्व्हर्टर होता, गेटला नव्हता, आणि म्हणूनच हा प्रकार फक्त गेटवर दिसत होता.

फसलेले दोन उपाय

पहिल्या वेळी मी वेळेत प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला सिस्टीम देते तो क्रमांक) मिसळला आणि त्या मिश्रणाचा एसएचए-२५६ हॅश घेऊन, म्हणजे ठरलेल्या सूत्राने ते ओळखू न येणाऱ्या आकड्यांत बदलून, त्यातून कोड काढला. आकडे पाहताना ते अगदी अस्ताव्यस्त दिसले आणि मी निर्धास्त झालो. हॅश आत गेलेली अनिश्चितता वाढवत नाही, ती फक्त झाकतो. तासाभरात सेकंद ३,६०० असतात, आणि बोर्डावर सेवा ठरलेल्या क्रमाने सुरू होत असल्यामुळे प्रोसेस क्रमांकही दरवेळी जवळपास तोच येतो. सेकंदांऐवजी मायक्रोसेकंद घेतले, तरी तासाभराचे ३६० कोटी पर्याय होतात आणि ते सगळे तपासून पाहायला साध्या लॅपटॉपला काही मिनिटे पुरतात. ही चूक जुनीच आहे. १९९५ मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केप ब्राउझरची एन्क्रिप्शन याच मार्गाने उघडी पाडली होती, कारण तेथेही सीड म्हणून वेळ आणि प्रोसेस क्रमांक एवढेच वापरले होते. डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे सीडमध्ये प्रोसेस क्रमांकाखेरीज काहीच उरले नव्हते. २००८ च्या मे महिन्यात ते उघडकीस येईपर्यंत बनलेल्या किल्ल्या एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीसाठी, बत्तीस हजारांच्या घरातच होत्या. माझ्या विंडोज संगणकाचा आकडाही तोच होता, हा योगायोग मला बराच वेळ टोचत राहिला.

दुसऱ्या वेळी मी योग्य दिशेने गेलो, पण अर्ध्या वाटेवर थांबलो. लिनक्समध्ये '/डेव्ह/यूरँडम' या नावाची एक फाइल असते आणि ती वाचली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, यादृच्छिक बाइट देतो. मी ती उघडून वाचू लागलो. विंडोजवर अशी फाइल नसल्यामुळे, ती उघडली नाही तर जुनी पद्धत वापरावी अशी सोय मी प्रोग्राममध्ये ठेवली. ती सोय म्हणजे या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महाग ओळ ठरली. विंडोज संगणक कायमच जुन्या पद्धतीवर राहिला. पुढे सुरक्षिततेसाठी गेटवरील सेवा एका बंदिस्त फोल्डरमध्ये चालवायला सुरुवात केली. त्या बंदिस्त जागेत 'डेव्ह' फोल्डरच नसल्यामुळे बोर्डही मुकाट्याने जुन्या पद्धतीवर गेला. एरर नाही, लॉगमध्ये नोंद नाही, आणि ड्रायव्हरचा तिसऱ्यांदा फोन. फाइल न उघडण्याची इतरही कारणे असतात. एखाद्या सर्व्हरवर उघड्या फाइलींची मर्यादा संपली, की त्याच क्षणी यूरँडमही उघडत नाही आणि मर्यादा मुद्दाम संपवणे बाहेरच्याला अवघड नसते.

या दरम्यान सी प्लस प्लसमधील 'रँडम डिव्हाइस' हा प्रमाणित मार्ग घ्यावा, असे एका मित्राने सुचवले. नाव भारदस्त असले, तरी त्याने खरोखर अनिश्चित संख्याच द्यावी असे बंधन प्रमाणात घातलेले नाही. विंडोजवरील जुन्या मिनजीडब्ल्यू कंपायलरमध्ये तो प्रत्येक वेळी तीच मालिका देत असे. म्हणून तो मार्ग मी सोडला.

शेवटी टिकलेला उपाय

माझी मूळ चूक पोर्टेबल या शब्दाच्या अर्थात होती. सर्व सिस्टीमवर सारखाच चालणारा एखादा गणिती जनरेटर शोधावा, असे मी धरून चाललो होतो. गणिती जनरेटर सगळीकडे सारखा चालतो खरा, पण त्याला लागणारे सीड सगळीकडे सारखे मिळत नाही, आणि सीड गोळा करणे हे माझ्यासारख्याच्या प्रोग्रामचे काम नव्हे. डिस्क, नेटवर्क, इंटरप्ट यांच्या वेळांतील सूक्ष्म फरक, प्रोसेसरमधील हार्डवेअर जनरेटर हे सगळे कर्नलच्या हाती असते. माझ्या प्रोग्राममध्ये हवे ते फक्त एक छोटे फंक्शन, ज्याचे बाहेरचे रूप सगळीकडे एकच असेल आणि आतून ते त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारात जाऊन उभे राहील. त्याला मागायचे ते 'इतके बाइट दे', आणि त्याने द्यायचे ते पूर्ण बाइट किंवा स्पष्ट नकार.

लिनक्सवर हे दार म्हणजे 'गेटरँडम' हा सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला थेट घातलेली हाक. तो २०१४ मध्ये कर्नल ३.१७ मध्ये आला. त्याला फाइल उघडावी लागत नाही, त्यामुळे बंदिस्त फोल्डर आणि फाइलींची मर्यादा हे दोन्ही प्रश्न मुळातून संपतात. जीलिबसीमध्ये त्याचे फंक्शन मात्र २०१७ च्या २.२५ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे जुन्या वितरणावर कर्नल तयार असूनही कंपायलर ते नाव ओळखत नाही. अशा वेळी क्रमांकाने थेट सिस्टीम कॉल करावा. फ्लॅग, म्हणजे कॉलसोबत द्यायचा पर्यायाचा आकडा, शून्य ठेवावा. २५६ बाइटपर्यंतची मागणी एकदा कर्नलचा साठा तयार झाला की अर्धवट परतत नाही. त्याहून मोठी मागणी सिग्नल आल्यास अपुरी राहू शकते, म्हणून किती बाइट मिळाले ते पाहून उरलेले पुन्हा मागणारे लूप हवेच.

विंडोजवर 'बीक्रिप्टजेनरँडम' वापरावे आणि त्याला सिस्टीमच्या पसंतीचा जनरेटर घ्या असे सांगणारा फ्लॅग द्यावा, म्हणजे वेगळा प्रोव्हायडर उघडण्याची गरज राहत नाही. हा फ्लॅग विंडोज ७ पासून चालतो. जुन्या पुस्तकांत 'क्रिप्टजेनरँडम' आढळते, पण मायक्रोसॉफ्टने ते मागे टाकलेले आहे. मॅक आणि बीएसडी घराण्यात 'आर्कफोररँडम-बफ' सर्वांत सोयीचे, कारण ते अपयशी होतच नाही आणि त्याचे उत्तर तपासावे लागत नाही. नावातील आर्कफोर पाहून बिचकू नये. ओपनबीएसडीने त्याच्या पोटातील आरसीफोर ही जुनी सांकेतिक पद्धत काढून केव्हाच चाचा-२० ही नवी बसवली आहे. 'गेटएन्ट्रॉपी' हे फंक्शन मूळ ओपनबीएसडीचे. आता ते लिनक्सवर आणि मॅकवरही मिळते, आणि युनिक्स घराण्यातील सिस्टीमसाठीच्या २०२४ च्या पॉसिक्स प्रमाणात त्याचा समावेश झाला आहे. एका वेळी २५६ बाइटांहून अधिक मागितले तर ते नकार देते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

नकार आल्यावर काय करायचे, याबाबत माझे मत आता ठाम आहे: प्रोग्रामने थांबावे. गेटवर टेम्पोंची रांग लागली तर गेट सांभाळणारे मामा वहीत नोंद करून गाड्या सोडतील, तशी पद्धत तेथे आजही आहे. वही वापरली की सर्वांना कळते. कच्चा कोड गेला तर कोणालाच कळत नाही.

वीज आल्यावर बोर्ड अडकून बसला तर

वरचा बदल केल्यावर आमच्याकडे एक नवी तक्रार आली. वीज आल्यानंतर कधीकधी सेवा मिनिटभर काहीच करीत नसे. हा दोष नसून गेटरँडमचा गुण आहे. कर्नलजवळ पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत ते थांबवून ठेवते, तर यूरँडम त्या काळातही बाइट देऊन टाकते. लहान बोर्डावर ना कीबोर्ड, ना फिरणारी डिस्क, त्यामुळे साठा भरायला वेळ लागतो. कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, कर्नल स्वतः प्रयत्न करून हा साठा भरतो. त्यामुळे जुना कर्नल बदलणे हा पहिला उपाय होय. बोर्डाच्या चिपमध्ये हार्डवेअर जनरेटर असेल, तर त्याचा ड्रायव्हर चालू आहे ना, हे पाहावे. आमच्या बोर्डात तो होता, पण बंद होता. न थांबण्याचा फ्लॅग देऊन आलेली एरर दुर्लक्षित करणे हा मात्र उपाय नव्हे. तसे केले की आपण पुन्हा पहिल्या घरात.

याच संदर्भात आणखी एक सापळा आहे. एका बोर्डाचे मेमरी कार्ड तयार करून त्याच्या पाच प्रती काढल्या, तर बंद होताना साठवलेली सीडची फाइल आणि एसएसएचच्या किल्ल्या पाचही ठिकाणी सारख्याच जातात. प्रत काढण्यापूर्वी त्या पुसाव्यात. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची साठवलेली प्रत) परत आणल्यावरही जुनी स्थिती जिवंत होते. त्याची खबर कर्नलला देणारी सोय लिनक्स ५.१८ पासून आहे, पण आपल्या प्रोग्रामने आधीच बाइट मागून स्वतःजवळ साठवले असतील तर तिचा उपयोग नाही. फोर्क केलेल्या, म्हणजे चालू प्रोग्रामने स्वतःची प्रत काढून सुरू केलेल्या, प्रोसेसबाबतही तेच: साठा आपल्या मेमरीत असेल तर मूळ आणि नवी अशा दोन्ही प्रोसेस तेच बाइट वाटू लागतात. त्यामुळे मी काहीच साठवत नाही, प्रत्येक कोडसाठी कर्नलला नव्याने विचारतो. दिवसाला शे-दोनशे गाड्यांसाठी वेगाची चिंता करणे हास्यास्पद आहे.

बाइटांपासून सहा अंक

चांगले बाइट मिळाल्यावरही ते बिघडवता येतात. एका बाइटला दहाने भागून बाकी घेतली, तर ० ते ५ हे अंक २५६ पैकी २६ वेळा येतात आणि ६ ते ९ हे २५ वेळा. मी चार बाइट एकत्र घेतो. ती संख्या ४,२९,४०,००,००० किंवा त्याहून मोठी आली तर टाकून देऊन दुसरी मागतो, नाहीतर दहा लाखांनी भागून बाकी घेतो. टाकून दिले नसते तरी येथे असा कल (काही कोड इतरांहून जास्त वेळा येणे) नगण्य असता, हे खरे. पण टाकून देण्याची एक ओळ लिहिणे हे कल नगण्य असल्याचे दरवेळी सिद्ध करण्यापेक्षा सोपे आहे.

इतर भाषांत काम सोपे आहे. पायथनमध्ये ३.६ पासून असलेले 'सीक्रेट्स' वापरावे. 'रँडम' मॉड्यूलमधील मर्सेन ट्विस्टर या गणिती जनरेटरच्या ६२४ संख्या पाहिल्या की पुढच्या सर्व सांगता येतात. पीएचपी ७ पासून 'रँडम-इंट' आहे, तेथे 'एमटी-रँड' आणि 'युनिक-आयडी' यांना हात लावू नये. ब्राउझरमध्ये 'मॅथ-रँडम'ऐवजी 'क्रिप्टो-गेट-रँडम-व्हॅल्यूज' वापरावे, फक्त एका वेळी ६५,५३६ बाइटांची मर्यादा पाळावी. जावात साधा 'सिक्युअररँडम' पुरतो. 'स्ट्राँग' प्रकार मागितला तर जुन्या कर्नलवर सर्व्हर अडकतो, आणि त्या अडकण्याला वैतागून लोक पुन्हा साध्या 'रँडम'कडे वळलेले मी पाहिले आहेत.

तपासणी आणि एक खोटी तक्रार

आकडे विस्कळीत दिसतात का, ही परीक्षा निरुपयोगी आहे, कारण माझा हॅश केलेला घड्याळी कोडही ती सहज उत्तीर्ण झाला असता. मी बोर्डाची वीज वीस वेळा तोडून प्रत्येक वेळचे पहिले दहा कोड ताडून पाहिले, घड्याळ मागे करून पाहिले, प्रोग्रामच्या दोन प्रती एकाच क्षणी चालवल्या आणि 'एसट्रेस' हे सिस्टीम कॉल दाखवणारे साधन लावून गेटरँडमची हाक प्रत्यक्ष जाते आहे हे डोळ्यांनी पाहिले. शेवटी फंक्शनने मुद्दाम नकार द्यावा अशी व्यवस्था करून प्रोग्राम थांबतो हेही पाहिले. माझी दुसरी दुरुस्ती या शेवटच्या परीक्षेत पहिल्याच मिनिटाला पडली असती.

यानंतर काही आठवड्यांनी गेटवरून पुन्हा फोन आला: एक कोड परत आला आहे. क्षणभर पोटात गोळा आला, पण त्या दिवशी वीज गेलेली नव्हती आणि दोन्ही कोडांच्या शेजारचे आकडे वेगळे होते. हिशेब केला. दहा लाखांतून प्रामाणिकपणे उचललेल्या १,१७८ कोडांतच एखादी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते, आणि आम्ही तोपर्यंत दीड हजारांच्या पुढे गेलो होतो. यादृच्छिक असणे आणि एकमेव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची हमी जनरेटर देत नाही, ती डेटाबेसने द्यायची असते. आता नवा कोड काढल्यावर तो एखाद्या वाटेतल्या गाडीच्या नावावर आधीच आहे का, हे पाहिले जाते आणि असल्यास दुसरा काढला जातो. प्रत्येक कोड त्या एका गेटपासपुरताच चालतो, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो रद्द होतो आणि माल पोचल्याची नोंद होताच संपतो. सहा अंकांत मुळात वीसच बिट मावत असल्यामुळे ही मर्यादा कितीही चांगल्या जनरेटरबरोबर लागतेच. दुकानदाराला पाठवायच्या लिंकमधील टोकन मात्र १६ बाइटांचे आहे, आणि तेथे मी असली तपासणी ठेवलेली नाही.